चुगलखोर रफार

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे, आणि माझ्यामुळे एका भल्या बाईची नोकरी गेली आहे.

कारखान्याच्या ऑफिसात मी नवा आलो तेव्हा माझ्या अक्षरांचं फार कौतुक झालं. पुढे माझी रफाराची दांडी वाकली. रफार आपल्या अक्षरावर न बसता पुढच्याच्या डोक्यावर बसू लागला. आमच्या टायपिस्टबाई हसून म्हणायच्या, की हा रोज शेजारी पाहुणा जातो. दुरुस्तीचा अर्ज त्यांनी तीनदा दिला. चालतंय ना, मग चालू द्या, एवढंच उत्तर आलं.

एकदा बाईंना कळलं, की बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तारेनं बांधून ठेवलाय. वाफ कोंडली असती तर तिथली वीस माणसं जिवानिशी गेली असती. मॅनेजरांना सांगून पाहिलं, त्यांनी कानाडोळा केला. मग जेवणाच्या सुटीत बाईंनी सरकारी तपासनिसांना निनावी पत्र लिहिलं. माझी खोड त्यांना पाठ होती. ‘वर्ष’ टाळून त्यांनी ‘साल’ लिहिलं, ‘दुर्घटना’ टाळून ‘अपघात’. पानभर कुठे रफार नाही. शेवटी मात्र बोटं सवयीनं चालली: ‘आपला, एक कर्मचारी’. मी छापलं ‘कमर्चारी’. घाईत त्यांना ते दिसलं नाही.

तपासनिसांनी व्हॉल्व्ह सोडवला, पण ते पत्र खुलाशासाठी थेट मॅनेजरांकडेच धाडलं.

मॅनेजर माझ्यापाशी आले. “बाई, ‘कर्मचारी’ टाइप करा.”

मी मनोमन विनवलं, आज तरी रफार जागेवर बसू दे. तो बसला नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. मीही वासाच निघालो. दुसऱ्या दिवशी बाईंची खुर्ची रिकामी होती.

मी अडगळीत गेलो, मग भंगारात. तिथून मला विकत घेतलं ते बाईंनीच. केस पिकले होते. दुकानदार रफार नीट करून देत होता.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “मला तो तसाच हवाय.”

नव्या कायद्यासाठी लोकांची मतं मागवली होती. बाईंनी लिहिलं, की तक्रार करणाऱ्याचं नाव फोडणाऱ्याला शिक्षा हवी, आणि तक्रार करणाऱ्याची नोकरी कुणाला काढून घेता येऊ नये. खाली ‘एक माजी कमर्चारी’, आणि त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव. मला माफ केलंत का, हे विचारायची माझी हिंमत नाही.

मित्रांनो, यंत्रं वेळेवर दुरुस्त करा. आणि कुणाचं खरं पत्र हाती आलं, तर आधी बॉयलरकडे धावा. रफार कुणाचा, ते विचारू नका.