आगबोटीची बायको

धसईच्या गिरजाचे लग्न ज्या नवऱ्याशी लागले, त्याचे वजन दोन हजार टनांच्या घरात होते आणि लग्नाच्या दिवशी तो नेमका कोणत्या समुद्रात होता, हे सांगायला सरकार तयार नव्हते. बाकी स्थळ उत्तम होते.

सुपारी फुटली तेव्हा मात्र नवरा माणूसच ठरला होता. सापगावच्या नथूचा मुलगा वाळू मुंबईला जाऊन ‘लेडी विनिफ्रेड’ नावाच्या आगबोटीवर आगवाला झाला होता. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात उभा राहून भट्टीत कोळसा लोटणारा माणूस. बोट रंगूनहून तांदूळ आणायची. ज्या गावात तांदळाशिवाय दुसरे काही पिकत नव्हते, त्या गावचा मुलगा समुद्र ओलांडून तांदूळच आणायला जातो, याचे सापगावला फारसे कौतुक नव्हते. गावच्या बैठकीत नथू चपला ठेवतात तिथे बसत असे.

मग लढाई सुरू झाली आणि सरकारने बोट ताब्यात घेतली. ही बातमी जैतूने आणली. जैतू मुंबईच्या गोदीत हमाली करी आणि सणाला आसनगाव स्टेशनवर उतरून गावी येई. त्याच्यामुळे गोदीतली प्रत्येक गोष्ट सापगावला दुप्पट होऊन पोचत असे.

“नथूबाबा, बोट आता माल नाय नेत,” जैतू म्हणाला. “तिला राखाडी रंग दिलाय. पुढं तोफ बसवलीय, मागं पाण्यात सोडायचं बाँब. आरमाराची बोट झाली ती. स्लूप म्हनतात.”

“आन आमचा वाळू?”

“तो काय, बोटीबरूबर तोबी आरमारात.”

“म्हंजे तोफ चालवतो?”

जैतू विचारात पडला. वाळू होता तिथेच, भट्टीपुढे होता. फावडेही तेच होते. पण सणाच्या दिवशी म्हाताऱ्याचे मन मोडणे बरे नव्हते. “तोफेच्या अगदी खालीच असतो,” तो म्हणाला. हे खरेही होते.

त्या दिवसापासून नथूला बैठकीत पंचांच्या शेजारी जागा मिळाली.

अडचण एवढीच झाली की आरमार रजा देईना. पहिला वैशाख गेला, दुसरा गेला. गिरजाला अठरावे सरले. त्या काळी एवढ्या वयाच्या मुलीकडे लोक न खपलेल्या माठाकडे बघावे तसे बघत. तिचा बाप चंदर सापगावला येऊन बसला. म्हणाला, “एक तर लग्न लावा, नायतर सुपारी परत द्या.”

सुपारी परत देणे नथूला परवडणारे नव्हते. त्याची बायको वारली होती आणि आवणीला, म्हणजे भाताची रोपे चिखलात लावायला, घरात बाईमाणूस नव्हते. तेव्हा मुख्य पंच महिपतबाबांनी जुनी रीत काढली. नवरा दूर असला तर त्याच्या हातातल्या कोयत्याला बाशिंग बांधायचे, कोयता पाटावर ठेवायचा आणि त्याच्याशी लग्न लावायचे. त्यांच्या आजोबांच्या वेळी असे एक लग्न झाले होते आणि पुढे त्या कोयत्याला सात मुले झाली.

कोणताही शहाणा माणूस इथे कोयता घेऊन मोकळा झाला असता. पण नथू आता पंचांच्या शेजारी बसत होता.

“कोयता लाकूडतोड्याचा,” तो म्हणाला. “माझा पोरगा आरमारात हाय. त्याचं हत्यार म्हंजे ती बोट.”

वाळूने सुरुवातीलाच कुठल्याशा बंदरात विकत घेतलेला बोटीचा फोटो पाठवला होता. तो भिंतीवर चौकटीत होता. फक्त तो शांततेच्या काळातला होता. नथू तो किन्हवलीच्या मास्तरांकडे घेऊन गेला आणि मास्तरांनी दौतीत टाक बुडवून बोटीच्या नाकावर एक तोफ काढून दिली. ती जरा मोठीच झाली. खरी असती तर बोट पुढच्या बाजूने बुडाली असती. बोटीच्या नावातल्या ‘लेडी’चा अर्थ मास्तरांनी हळूच नथूच्या कानात सांगितला, तेव्हा नथूने “हे तुमच्याजवळच ठेवा” असे सांगून त्यांच्यापुढे काकड्यांची टोपली सरकवली.

चंदरला आधी पटले नाही. पण सगळ्या मुरबाड तालुक्यात तोफेवाला जावई कोणाकडेच नव्हता, हे ध्यानात आल्यावर पटले.

लग्न थाटात झाले. पाटावर चौकट, चौकटीला मुंडावळ्या, समोर गिरजा आणि मध्ये अंतरपाट. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण हिराबाई नवऱ्याच्या नावापाशी अडली. ‘विनिफ्रेड’ कोणत्याच चालीत बसेना. शेवटी तिने ‘बोटराया’ असे बसवले आणि बायकांनी पदर तोंडात धरले. हळद लावताना काच पिवळी झाली. अंतरपाट दूर झाला. गिरजाने मान वर करून नवऱ्याकडे पाहिले. नवरा डावीकडून उजवीकडे चालला होता.

पंचांनी अक्षता टाकल्या, लग्न लागले असे जाहीर केले आणि ते जेवायला बसले.

गिरजाला खरा पेच चौथ्या दिवशी कळला. लग्नानंतर नवरानवरीने मिळून नवरीच्या घरी जायचे, तिच्या दारचा मांडव परतायचा, ही मांडवपरतणी. ती झाल्याशिवाय नवरीने माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही. गिरजाने शालूची घडी घातली आणि सासऱ्याला विचारले, “मामा, धसईला कधी जायचं?”

“नवरा आल्यावर,” नथू म्हणाला.

“फोटो घेऊन जाऊ की.”

“येडी काय गो? फोटोनं कुठं मांडवपरतणी होते?”

फोटोने लग्न होत होते. मांडवपरतणी होत नव्हती. आवणी तोंडावर आली होती, हाही एक धर्माचाच भाग होता.

अशी चार वर्षे गेली. गिरजाने नथूची आवणी केली, कापणी केली, झोडणी केली. धसई गाडीवाटेने एका दिवसाची वाट. पण तिच्या भावाचे लग्न तिच्यावाचून झाले. आई आजारी पडली, बरी झाली, तेही तिला बाजारात भेटलेल्या बाईकडून कळले. नवऱ्याबद्दल मात्र तिला तक्रार करता येत नसे. शेजारची बारकी म्हणायची, “तुझं बरं हाय गो. पीत नाय, मारत नाय, उगाच भाकरीला नावं ठेवत नाय.”

“घरात हायच कुठं नावं ठेवायला,” गिरजा म्हणायची. “एकदा धसईपर्यंत आला तरी पुरे.”

लढाई संपली. त्या दिवाळीला जैतू आला तो खाली मान घालूनच.

“आरमारानं बोट विकली, नथूबाबा. लांब थंडीच्या मुलखातल्या कंपनीनं घेतली. तोफ काढून तिथंच दुसरी बसवलीय. तिच्यातून भाला सुटतो, भाल्याला दोरी. देवमासे मारते आता. चरबी काढून तेल करतात.”

नथूने मास्तरांकडून तोफेला दोरी काढून आणली. पण बैठकीतली जागा काही राहिली नाही. ज्या बोटीने शत्रू मारले तिच्या बापाला पंचांशेजारी बसता येत होते. जिने मासे मारले तिच्या बापाने चपलांपाशी बसावे, असे ठरले. मासे सगळेच खात होते, महिपतबाबा सर्वांत जास्त.

आणि मग सत्तेचाळीसच्या चैत्रात, कोणी वाट बघायचे सोडून दिल्यावर, वाळू आला. काळा, रोड, डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग, आणि अंगाला असा वास की गोठ्यातल्या बैलांनी तोंडे फिरवली. तो बोटीबरोबर तांदळातून लढाईत आणि लढाईतून देवमाशांत गेला होता. पण यातले त्याला फारसे काही दिसले नव्हते.

“लढाई कशी होती रे?” लोकांनी विचारले.

“गरम,” वाळू म्हणाला.

“आन तो थंडीचा मुलूख?”

“तोबी गरमच. भट्टी तीच ना.”

गिरजाने त्याला ओसरीवर पाणी दिले. तो बरा वाटला. निदान खोटे बोलत नव्हता. तिने संध्याकाळची वाट न बघता नथूला विचारले, “मामा, आता धसईला कधी?”

नथूने इकडेतिकडे पाहिले. “हे बघ गिरजे, त्याची रजा थोडी. बोट पुन्यांदा निघनार. आन राब भाजायचा हाय. भाताची रोपं करायच्या जागेवर पाला, शेण पसरून ठेवलंय. तो बोटीवर जाईल, तू राब भाजशील. मांडवपरतणी पुढच्या खेपेला.”

“पुढची खेप कधी?”

“देवमासे संपले की,” वाळूने प्रामाणिकपणे सांगितले.

गिरजा आत गेली. तिने भिंतीवरची चौकट काढली, ओसरीत मधोमध ठेवली आणि आतले दार लावून घेतले. बाहेरून नथू ओरडला, तेव्हा आतून उत्तर आले:

“माझं लग्न बोटीशी लागलंय. पंच जेवलेत त्याला. ह्यो माणूस बोटीवरचा गडी हाय. नवऱ्याच्या गड्याला घरात कशी घेऊ?”

तिसऱ्या दिवशी पंच बसले. चंदरला निरोप गेला होता, तो बैलगाडी जुंपून आला. प्रश्न दिसायला सोपा होता. लग्न खोटे होते असे म्हटले की संपले असते. पण ते लग्न पंचांनी लावले होते, आणि पंचांचे चुकत नाही, हा पंचायतीचा पायाच होता.

“लगीन खरंच,” महिपतबाबा म्हणाले. “बोटीशी लागलं, ते बोटीशीच लागलं.”

“मग माझं काय?” वाळूने विचारले.

“तू गप. तुझं नावच नव्हतं गाण्यात.” महिपतबाबांनी मिशीवरून हात फिरवला. “उपाय हाय. काडीमोड करायची. बोटीनं पोरीला सोडायची. मग पोरीनं वाळूबरूबर पाट लावायचा, म्हंजे दुसरं लगीन, आजच. सगळं रीतीत.”

नथूचा जीव भांड्यात पडला. पण काडी मोडायला नवऱ्याचा काही दोष दाखवावा लागतो. तेव्हा बोटीवरचे आरोप सुरू झाले. चौकट पंचांपुढे पाटावर ठेवली होती.

“घरी येत नाय,” एक पंच म्हणाला.

“येनार कशी? भातसा नदीच्या पाण्यात म्हैस बसली तर म्हशीची पाठ कोरडी राहते,” वाळू म्हणाला.

“मालक बदलते.”

“तिला कोन इचारतो? आधी तांदूळवाल्यानं घेतली, मग सरकारनं, मग तेलवाल्यानं. ज्यानं घेतली त्यानं वाटेल ते बसवलं तिच्या नाकावर.”

दाराआडून हे ऐकताना गिरजाला पहिल्यांदाच नवऱ्याची दया आली.

“देवमासे मारते!” महिपतबाबा गरजले. “हा दोष पुरे.”

वाळूने पुन्हा तोंड उघडले, तसे नथूने त्याला चिमटा काढला. आपली बायको मिळवण्याच्या खटल्यात हा दुसऱ्याच्या बाजूने बोलत होता. पण इतकी वर्षे तिच्या पोटात काढल्यावर माणसाला तेवढी आपुलकी राहतेच.

बोटीचा बाप म्हणून नथूने काडी हातात घेतली आणि चौकटीपुढे मोडली. ‘लेडी विनिफ्रेड’ या बोटीला सापगावच्या पंचायतीने दोषी धरले. ती त्या वेळी कुठल्याशा गोदीत रंग लावून घेत असावी. तिला अजून कोणी कळवलेले नाही.

“चला, आता पाट,” महिपतबाबा म्हणाले. “गिरजे, बाहेर ये.”

ती येऊन उभी राहिली. आता एक गोष्ट उरली होती, ती इतकी किरकोळ की पंचांनी तिचा विचारच केला नव्हता. पहिल्या लग्नात नवरीला कोणी काही विचारत नाही. बापाला आणि पंचांना विचारून झाले की ती फक्त चढते पाटावर. पाट लावण्याचे तसे नसते. ती एकदा संसार केलेली बाई. तिला पंचांसमोर विचारावेच लागते आणि तिने तोंडाने ‘होय’ म्हणावे लागते. रीत महिपतबाबांच्या आजोबांपासूनची होती, टाळता येत नव्हती.

“गिरजे,” ते जांभई आवरत म्हणाले, “ह्या वाळूबरूबर पाट लावायला तू कबूल हायस ना?”

साऱ्या सापगावात आजवर गिरजाला कोणी काही विचारले नव्हते. तिने वाळूकडे नीट बघून घेतले. तो मान खाली घालून उभा होता. माणूस वाईट नव्हता.

“परत बोटीवर जानार का?” तिने त्यालाच विचारले.

“जावं लागंल,” वाळू म्हणाला. “पोट हाय ना.”

“मग नाय.”

“नाय म्हंजे?” महिपतबाबांची जांभई अर्ध्यात राहिली.

“बाबा, सदा समुद्रात असनारा, कधी घरी न येनारा, ज्याच्या नावानं मी सासऱ्याची शेती करते, असा नवरा मला होता,” गिरजा म्हणाली. “आत्ता तुमीच त्याची काडी मोडलीत. पुन्यांदा तसलाच कशाला करू?”

नथू म्हणाला, “आन राब कोन भाजनार?” पण तो प्रश्न पंचायतीपुढे नव्हता. वाळूला मात्र हसू आले. हसताना त्याचे दात एकदम पांढरे दिसले आणि गिरजाला क्षणभर वाटले, थोडे थांबावे काय. मग तिने पदर खोचला.

मोकळ्या झालेल्या बाईला माहेरी जायला मांडवपरतणी लागत नाही, हे तिने कोणाला विचारले नाही. ती सरळ गाडीत जाऊन बसली. चंदर अजून पंचांपुढे हात जोडून काहीतरी समजावत होता.

“आबा,” तिने हाक मारली, “बैल उन्हात उभे हायत. चला.”