चाकाशेजारचा फोटो

चार वाजता प्रयोगाचा निकाल बाहेर जाणार होता, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी चिमणी एका फोटोवर अडकली.

चिमणी म्हणजे प्रयोगशाळेतली सगळ्यात धाकटी संशोधक. हिची टकळी कधी थांबायची नाही. प्रश्न क्वार्क नावाच्या अतिसूक्ष्म कणाचा होता: अणूच्या गाभ्यातून धावताना तो किती झपाट्याने ऊर्जा गमावतो? गाभा मोठा तर वाट लांब, वाट लांब तर दमछाक जास्त, हे कुणालाही पटावं. पण यांचा क्वार्क लोखंडात दमत होता आणि तिपटीने जड टंगस्टनमधून ताजातवाना पार होत होता! सहा वर्षांच्या कष्टांना जगावेगळं फळ आलं म्हणून सगळे हवेत तरंगत होते.

चार वाजताच्या भाषणाला जोडायला तिने फोनवर जुना फोटो उघडला. किरणांसमोर एकेक चकती आणणारं, धातूंच्या चकत्यांचं चाक आणि शेजारी बत्तीशी दाखवत ती. चाक तिनेच बसवलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. त्यावरचे नंबर स्वच्छ दिसत होते, आणि तिथेच ती थबकली. नंबर किरण येतात त्या बाजूला हवेत. ती तर मागे, मोजयंत्राच्या बाजूला उभी होती. चाक उलटं बसलं होतं. क्रमच उलटल्यामुळे दोन नंबरचं लोखंड मागितलं की सातचं टंगस्टन पुढे येत होतं. चकत्यांची जाडी मुद्दाम अशी, की मोजणी सगळ्यांची सारखीच यावी. संशय येणार कुणाला?

फोटो पुसला तर? अंगठा पुसायच्या खुणेवर टेकलासुद्धा. मग तीच स्वतःवर चिडली आणि प्रमुख बाईंच्या खोलीकडे निघाली. बाईंना सगळे पाठीमागे तोफ म्हणत. एका चुकलेल्या दशांशचिन्हापायी तोफेने एकाला घरी बसवलं होतं म्हणे.

"मॅडम, चाक उलटं आहे. मी बसवलंय."

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला, पाहतच राहिल्या. मग उठून दार लावलं. चिमणीला वाटलं, आता या म्हणणार, पुसून टाक.

"हा कुणी काढला होता, आठवतंय?"

तिला आठवलं.

"मीच. अजून हस, म्हणाले होते. नंबर माझ्याही डोळ्यांसमोर होते." बाईंचा आवाज कापत होता. दार त्यासाठीच लावलं होतं. तोफही घाबरते, हे चिमणीला ठाऊकच नव्हतं.

मग त्यांनी फोन परत दिला आणि दार सताड उघडलं.

"चल. सगळ्यांना आधी तू सांग, मग मी सांगते. आणि पुसू नकोस हां तो."