सुदामा द्वारकेच्या दारात आणि ड्राइव्ह गायब

पिराजीबुवांचं कीर्तन ऐकलेला माणूस आजही सांगेल, की सुदामा द्वारकेला पोचावा तर बुवांच्याच तोंडून. त्यांच्या द्वारकेचा द्वारपाल अस्सल कोल्हापुरी बोलायचा आणि तो बोलला की मंडपातल्या बायाबापड्या हसून हसून पदरानं डोळे पुसायच्या. त्या हसण्यातच बुवा हळूच देव दाखवून जायचे.

शिमगा झाल्यावर बुवांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा बसली. पुढं 'पाणी', 'नको', 'हरी' असे सुटे शब्द येऊ लागले. वाचा शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "यांना यांचीच जुनी कीर्तनं ऐकवा. त्या आवाजामागून बोलू द्या." तेव्हापासून रोज दुपारी बुवा स्पीकरसमोर बसायचे आणि आपल्याच तरण्या आवाजाचं बोट धरून एकेक शब्द चालवायचे.

ती कीर्तनं टेप केली होती गारगोटीच्या इलाहीभाईंनी. भागातल्या सगळ्या सप्त्यांचे कर्णे त्यांचेच. पुढं कॅसेटींना बुरशी लागली, पण त्याआधी बुवांच्या सुनेनं, निशिगंधानं, सगळी कीर्तनं आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. पुण्यातल्या एका कंपनीचं काम ती राजारामपुरीतल्या घरातून करायची. एसएसडी ड्राइव्ह, म्हणजे कॉम्प्युटरच्या साठवणपेट्या, तपासणं हाच तिचा उद्योग. साऱ्या जगाला 'दुसरी कॉपी ठेवा' म्हणून बजावणाऱ्या या पोरीनं सासऱ्यांच्या कीर्तनांची दुसरी कॉपी मात्र उद्यावर ढकलत आणली होती.

त्या दुपारी ती एक नवं टूल बसवत होती. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि ड्राइव्हकडून काम करून घ्यायचं. एरवी ड्राइव्ह ऑपरेटिंग सिस्टीमच्या ताब्यात असतो. हे टूल सिस्टीमला बाजूला सारून, स्वतःचा ड्रायव्हर घेऊन थेट ड्राइव्हशीच बोलतं. त्यासाठी सिस्टीमनं आधी तो ड्राइव्ह हातातनं सोडावा लागतो. सोडला, की सिस्टीमच्या यादीतून तो दिसेनासाच होतो.

मशीनमध्ये सिस्टीमचा सोडून ड्राइव्ह दोन, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. एक चाचणीचा, कोरा. दुसऱ्यावर बुवा. कुठल्या खाचेत कोण बसलंय, त्यावरून निशिगंधा त्यांना ओळखायची. पण गौरी यायच्या म्हणून घर झाडताना सासूबाईंनी, झुंबरबाईंनी, "त्या डब्ब्यातली बी धूळ काढ की गं!" असं फर्मावलं होतं. तिनं मशीन उघडून पुसलं आणि दोन्ही ड्राइव्ह परत बसवले. कोण कुठं बसला, ते काही पाहिलं नाही.

बाहेरच्या खोलीत, याच मशीनला जोडलेल्या स्पीकरवर, कीर्तन रंगात आलं होतं. इलाहीभाईही भेटायला आले होते आणि चहा घेत ऐकत होते. "सुदामदेव द्वारकेच्या दारात हुबा! पायात वहाण न्हाय, डोक्यावर ऊन. आन् द्वारपाल म्हंतो..."

आत टूलनं इशारा दिला, ड्राइव्ह वापरात आहे.

"कोरा ड्राइव्ह कसला वापरात असतोय?" असं पुटपुटत निशिगंधानं जबरदस्तीचा पर्याय दिला. सिस्टीमनं ड्राइव्ह सोडला, टूलनं घेतला. आता त्यावर असेल ते सगळं पुसायचं, मग चाचणी सुरू. आज्ञा लिहून झाली, बोट एंटरवर गेलं, आणि तिला जाणवलं की बाहेर सगळं चिडीचूप आहे. बुवांचा द्वारपाल कधी असा गप्प राहत नसे.

"निशी, लाईट गेली काय गं?" झुंबरबाईंचा आवाज आला.

पंखा तर फिरत होता. तिनं सिस्टीमची यादी काढली. दोघांपैकी यादीत उरला होता तो कोरा ड्राइव्ह. टूलच्या हातात होता तो बुवांचा.

बाहेर बुवा स्पीकरकडं बघत बसले होते. तोंड उघडं, डावा हात वर, पण शब्द नाही. कीर्तनात कुठल्याही बुवांना ठसका लागला, पुढचं सुचेनासं झालं, की मागचे टाळकरी लगेच नामाचा गजर धरतात. बुवांना दम मिळतो आणि ऐकणाऱ्याला काही तुटल्याचं कळतही नाही. झुंबरबाईंनी तेच केलं. पिठाच्या हातांनीच टाळी धरली, "विठ्ठल, विठ्ठल!" इलाहीभाईंनी कप खाली ठेवून स्टुलावर ठेका सुरू केला.

तो गजर कानात घेऊन निशिगंधानं एंटरवरचं बोट उचललं. पुसायची आज्ञा एकेक अक्षर करत खोडली. टूलला सांगितलं, सोड. सिस्टीमला सांगितलं, घे. जरा वेळ काहीच हललं नाही. मग यादीत दुसरं नाव उमटलं. कीर्तनं जागच्या जागी होती. तिनं आधी सगळी बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लावली आणि मगच ती खोलीबाहेर आली.

"मामंजी, चूक झाली. कोरा समजून तुमचा ड्राइव्ह पुसायला निघाले होते. एक बटण दाबायचं राहिलं होतं."

"आगं बया!" झुंबरबाई उसळल्या. "आन् मला सांगतीस, गॅस नीट बंद करत जावा म्हणून!"

"वैनी, असू दे," इलाहीभाई मधे पडले. "पोरी, एक कॉपी माझ्या मोबाईलात टाक. जिवापाड संभाळतो."

"तुमचा मोबाईल मागल्या महिन्यात ओढ्यात पडला की वो, इलाहीभाऊ!"

बुवांनी हात वर करून दोघांना गप्प केलं. मग सुनेकडं पाहिलं. "कु... ठलं?"

बटण कुठलं, असं त्यांना विचारायचं होतं. निशिगंधानं आतून कीबोर्ड आणून दाखवला. बुवांनी डावं बोट एंटरजवळ नेलं. "ह्यो?"

"व्हय, मामंजी."

तापल्या तव्याला लागावं तसं बुवांनी बोट झटकलं. "ह्यो... दाबू... नगंस."

सगळे खो खो हसले, आणि हसता हसता झुंबरबाईंचे डोळे भरले. स्पीकर बंद होता. या शब्दांच्या पुढं चालायला कुणाचा आवाज नव्हता. पण तसं कुणी बोललं नाही. बोललं तर शब्द बुजतील, असं प्रत्येकाला वाटलं असावं.

"लाव... आता," बुवा म्हणाले.

"कॉपी तेवढी होऊ दे की, मामंजी. वाईच थांबा."

"किती... थांबू?" बुवांनी सुनेला दटावलं. "सुदामा... उन्हात... हुबा हाय."