ब्रूनोचं काळीज पाहिलेला प्रोब

मी सोनोग्राफीचा प्रोब बोलतोय. यंत्राला वायरीनं बांधलेला, साबणाच्या वडीएवढा. समता कॉलोनीत डॉक्टर गंधालीच्या जनावरांच्या दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. माणसाला ऐकू न येणारा आवाज मी अंगात सोडतो. तो आतून परत फिरला की पडद्यावर चित्र उमटतं.

आधी मी नुसती पोटातली पिल्लं दाखवायचो. मग गंधाली कुत्र्यांचं हृदय तपासायला शिकून आली, आणि मी बरगड्यांच्या फटींत रमलो.

एकदा बूढ़ापारा वस्तीतले गंगाधरराव आपला लॅब्राडोर, ब्रूनो, घेऊन आले. सोबत हिंदी बोलणारी सून ऋता.

"लय सुटला हा," ते म्हणाले. "जेवण अर्धं केलं, रोज तलावाच्या चकरा मारून राहिलो, तरी पोट कमी होत नाही. वाटेत मधातच बसून जातो. नुसती नाटकं."

"बाबा, मैंने कहा था, इसको घसीटो मत," ऋता हळूच म्हणाली.

ब्रूनोला कुशीवर निजवलं. जेल लावून गंधालीनं मला त्याच्या छातीवर टेकवलं. निरोगी हृदय मुठीसारखं घट्ट आवळतं. हे मात्र ढिल्या पिशवीसारखं पसरलं होतं. भिंती जेमतेम हलत होत्या. मग तिनं मला पोटावर नेलं. तिथे चरबी नव्हतीच. पाणी होतं.

"काका, याचं हृदय मोठं झालंय, पण ताकद गेली. रक्त पुढे ढकलणं जमून नाही राहिलं, म्हणून पोटात पाणी भरलं."

"मंग तो बसत होता, तवा?"

"दम संपत होता त्याचा."

"काल तलावावर मी त्याले पट्ट्यानं मारलं," गंगाधरराव म्हणाले. "लोकं हसत होते, म्हणून."

ब्रूनोनं मान वळवून त्यांचा हात चाटला. त्यांनी चटका बसावा तसा तो मागे घेतला.

गंधालीनं त्यांची समजूत घातली नाही. "डोकं धरा त्याचं," एवढंच म्हणाली, "अजून मापं घ्यायची आहेत." तोच हात त्यांना पुढे करावा लागला.

गोळ्या सुरू झाल्या, पोटातलं पाणी ओसरलं. पुढच्या खेपेला हृदय मोठंच होतं, पण जरा जोरानं आवळत होतं. हा आजार जाणार नाही, जपलं तर काही काळ सुखाचा जाईल, असं गंधालीनं स्पष्ट सांगितलं. गंगाधररावांनी मान हलवली. पडद्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. आजवर पाहिलेलं नाही.

"अब तलाव पर बाबा खुद पहले बैठ जाते हैं," ऋता सांगत होती. "कोई पूछे तो बोलते हैं, मेरा ही दम फूलता है."

आता मीही थकलो. माझ्या तोंडाशी तडा गेलाय, चित्रात काळ्या रेघा येतात. लवकरच नवा प्रोब येईल. जाण्याआधी एवढंच मागतो: मुकं जनावर वाटेत बसलं, तर त्याला आळशी म्हणू नका. आतलं पाहायला मी प्रत्येक वाटेवर नसतो.