पंपाच्या बॅटरीसारखी

मुर्रीच्या धर्मेंद्रला बंदुकांचं वेड लागलं होतं. खऱ्या नव्हे, बॅटरीवर चालणाऱ्या, प्लास्टिकच्या गोळ्या उडवणाऱ्या खेळातल्या. शेतातल्या धानाच्या बांध्या मोकळ्या ठेवून त्यानं वाळल्या तणसाचे गठ्ठे रचले, आडोसे केले, आणि रविवारी गोंदियाची कॉलेजातली मंडळी तिथं लढाई खेळायला येऊ लागली. गावानं त्याला वेड्यात काढलं. त्याचे वडील बिसराम मात्र चकार शब्द बोलले नाहीत. उलट आलेल्यांना पाणी द्यायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

खेळणाऱ्यांची एकच कुरकुर होती, बंदूक मंद चालते. धर्मेंद्रनं जास्त व्होल्टची लिथियम बॅटरी लावून पाहिली, तर वेगाच्या मोटरनं गिअरचे दातच सोलून काढले. मग त्याला शहाणपण सुचलं. बॅटरी ही नवीच ठेवायची, मोटर मात्र वेगाची काढून जोराची घ्यायची. घोडा दाबला की लगेच गोळी सुटते आणि गिअरही शाबूत राहतात. या बॅटरीचा चार्जर वेगळा असतो, ती चार्ज होताना समोर बसून राहावं लागतं, हेही त्याला पाठ होतं. पण शनिवारी बिसरामनी ती चार्ज कशी करायची असं विचारलं तेव्हा स्वारी मोटर बसवण्यात गुंतलेली. मान वर न करताच तो म्हणाला, "फवारणी पंपाच्या बॅटरीसारखीच समजा जी, बाबा."

त्याची बायको रीता तिथंच तांदूळ निवडत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मेंद्र सामान आणायला गोंदियाला गेला. पोराचं काम तेवढंच हलकं होईल म्हणून बिसरामनी पंपाचा चिमटेवाला चार्जर काढला, बॅटरीला लावला आणि ती गठ्ठ्यावर ठेवून शेजारीच आडवे झाले. पंपाची बॅटरी अशीच लावून ते कितीतरी हंगाम निवांत झोपले होते. ही बॅटरी फुगली आणि फुटली. तणसाला पेटायला कितीसा वेळ लागतो?

दवाखान्यात त्यांच्या हातांवर, डोळ्यांवर पट्ट्या होत्या. आमगावहून धर्मेंद्रचे काका जागेश्वर आले आणि हे झालं कसं, असं खोदून विचारू लागले. खरं सांगायचं तर आत्ताच, हे धर्मेंद्रला कळत होतं. पण त्याची जीभ कचरली.

"बाबांनी पंपाचा चार्जर लावला जी. कोणाले इचारलं बी नाही."

बिसराम झोपलेत असंच सगळ्यांना वाटत होतं.

"त्यानं सांगतलं होतं गा, याचा चार्जर अलग रायते म्हणून," ते पट्ट्यांआडून सावकाश म्हणाले. "मीच भुललो."

धर्मेंद्रला लाजेनं मेल्यासारखं झालं. बाबांना एकटं गाठून पाय धरू, असं त्यानं ठरवलं. बिसरामनी तेवढी सवड दिली नाही, संध्याकाळीच ते गेले.

घरी माणसं जमली. पोरानं बजावलं होतं, म्हाताराच विसरला, असं जागेश्वरकाका येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. रीता दारात उभी राहून नवऱ्याकडे बघत होती. तो आता बोलेल, मग बोलेल, अशी तिला आशा होती. धर्मेंद्र खाली मान घालून ऐकत राहिला.