कडेचा बाक आणि उजवा पाय

मी एक जुना बाक आहे. बास्केटबॉलच्या हॉलमध्ये, मैदानाच्या कडेला, पाण्याच्या पिंपाशेजारी माझी जागा. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी खेळत असेल तर माझे नाव ऐकूनच त्याने नाक मुरडले असेल. मुरडू दे, मला सवय आहे.

माझा जन्म याच हॉलमध्ये झाला. मैदानाची लाकडी जमीन बसवून झाल्यावर चार फळ्या उरल्या. त्या फेकून देणे सुताराच्या जिवावर आले, म्हणून त्याने रंधा मारून, स्क्रू पिळून मला उभे केले. म्हणजे ही जमीन माझी सख्खी बहीण. तिला रोज पुसतात, तिच्यावर टाळ्या पडतात आणि माझ्या वाट्याला घामट टॉवेल येतात. पण एकाच लाकडाचे असल्यामुळे की काय, तिच्यावर पडणारे प्रत्येक पाऊल माझ्या पायांपर्यंत पोचते. कोण धावते आहे आणि कोण पाय ओढते आहे, हे मला न बघता कळते.

सुरुवातीची वर्षे माझीही मजेत गेली. मुली माझ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत, जिंकल्यावर माझ्यावर उभ्या राहून फोटो काढत. मग कधीतरी "बाकावर बसवीन हं!" ही सरांची धमकी झाली आणि मी शिक्षेची जागा होऊन बसलो. सर म्हणजे मुलींच्या संघाचे प्रशिक्षक. ते स्वतः माझ्यावर कधी टेकले नाहीत. सामना चालू असला की माझ्यासमोर नुसत्या येरझाऱ्या घालायचे.

माझ्या डाव्या टोकाला, फळीच्या खालच्या अंगाला, नखांच्या चार खुणा आहेत. त्या ताईच्या. एके काळी ती संघाची कर्णधार होती. एका सामन्यात तिचा गुडघा पिरगळला. सर तिच्यासमोर वाकले आणि त्यांनी विचारले, "खेळशील?" ती "हो" म्हणाली. खरे उत्तर मला ठाऊक होते, कारण तिची नखे माझ्यात रुतली होती. पण बाकाला तोंड कुठे असते? सहाव्या मिनिटाला ती कोसळली आणि पुन्हा कधीच खेळली नाही. पुढे शिकून ती याच संघावर उपचार करायला परत आली. तिची पावले मला दारातूनच ओळखू येतात, एक जड आणि एक हलके. सर आणि ती रोज भेटतात, रोज बोलतात, पण त्या दिवसाबद्दल दोघेही मूग गिळून असतात.

त्यानंतर सरांनी एक नियम केला. दुखापत झाली तर सामन्याआधी माझ्यासमोर दुखऱ्या पायावर दहा लंगड्या उड्या मारायच्या. तोंड जरा जरी वाकडे झाले तर बसायचे. शिवाय त्यांची एक युक्ती होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान. दुखऱ्या पायावर ते मोज्याच्या आत पातळ पट्टी बांधत आणि चांगल्या पायावर सगळ्यांना दिसेल अशी जाडजूड पांढरी. समोरच्या संघाने चांगल्याच पायाच्या मागे लागावे म्हणून!

आता टिटवीची गोष्ट. लांब, काटकुळ्या पायांमुळे तिला सगळे टिटवी म्हणत. अंतिम सामन्याला चार दिवस उरले होते. सरावात सर पाठमोरे होऊन चेंडू गोळा करत होते, तेवढ्यात टिटवी उडी मारून वाकडी पडली. लंगडत माझ्यापाशी आली आणि दोन्ही हातांनी तिने उजवा घोटा गच्च धरला.

सर वळले. "काय झालं? कुठला पाय?"

टिटवीने हात पटकन सोडले. "डावा, सर. थोडासाच मुरगळलाय."

ताई असती तर एका नजरेत तिने ही चोरी पकडली असती, पण तिच्या आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन होते आणि ती चार दिवस रजेवर होती.

सामन्याच्या दिवशी हॉल खच्चून भरला. सरांनी टिटवीला माझ्यासमोर उभे केले. "हं, डाव्या पायावर दहा." तिने दहाच्या जागी बारा मारल्या. का नाही मारणार? त्या पायाला झाले काय होते? सर खूश झाले. मग त्यांनी आपली युक्ती काढली आणि जाडजूड पांढरी पट्टी गुंडाळली ती नेमकी उजव्या घोट्यावर.

"त्यांना वाटू दे उजवाच दुखतोय," ते हसत म्हणाले.

टिटवीचा चेहरा पांढराफटक पडला. आता खरे सांगावे तर खेळ गेला, आणि न सांगावे तर दुखऱ्याच पायावर निशाण लागलेले. पंचांची शिट्टी वाजली आणि ती मैदानात गेली.

मित्रांनो, तो सामना मी जीव मुठीत धरून ऐकला. समोरच्या मुलींनी पट्टी पाहिली, आपापसात कुजबुजल्या आणि टिटवीला उजवीकडूनच घेरू लागल्या. दर वेळी तिला त्याच पायावर वळायला लागे. माझ्या बहिणीवर तिचे उजवे पाऊल आधी अर्धे पडू लागले, मग नुसते टेकू लागले. इकडे सर टाळ्या वाजवत होते. "फसल्या बघा, फसल्या! उजव्याच्याच मागे लागल्यात!" माझा एक पाय जरा हलतो; मला इतका राग आला की तो आपटावा असे वाटले.

शेवटची चार मिनिटे उरली. आपण दोन गुणांनी मागे. सरांनी टाइमआउट घेतला. टिटवी माझ्या डाव्या टोकाला येऊन बसली. उजवी टाच तिने खाली टेकलीच नाही. तिची बोटे फळीखाली गेली आणि थेट त्या जुन्या खुणांमध्ये रुतली.

तेवढ्यात दारातून ओळखीची पावले आली. ताई! खांद्यावर पिशवी, धापा टाकत ती टिटवीच्या शेजारी बसली. तिने फळीखाली टिटवीचा हात चाचपला, ती नखे कुठे रुतली आहेत ते तिला कळले, अधांतरी धरलेली उजवी टाच दिसली, आणि तिने पिशवीतून कात्री काढली. पट्टी कापली. आत घोटा दिसतच नव्हता, होती ती निळसर सूज.

"सर, उजवा आहे."

"अगं, तू तर डावा म्हणालीस!" सर टिटवीकडे वळून म्हणाले.

"चारच मिनिटं, सर," टिटवी रडकुंडीला आली. "नंतर महिनाभर बसते मी. शप्पथ."

सरांनी गुणफलकाकडे पाहिले, बाकीच्या मुलींकडे पाहिले. मग ते वाकले. अगदी तसेच, त्या दिवशी ताईसमोर वाकले होते तसे. "खे..."

"तो प्रश्न तिला विचारू नका, सर." ताईने त्यांना मध्येच तोडले. "मला विचारला होतात. त्या वयात 'हो'शिवाय दुसरं काही निघतं का तोंडातून? मोठे तुम्ही आहात. तुम्हीच ठरवा."

सर वाकलेलेच राहिले. शिट्टी झाली. त्यांनी कोपऱ्यातल्या राखीव मुलीला खूण केली, ती धावत आत गेली. मग सर मागे सरकले आणि टिटवीच्या पलीकडे बसले. माझ्यावर! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी करकरलो.

आपण हरलो, दोनच गुणांनी. टिटवी खेळली असती तर कदाचित जिंकलोही असतो, खोटे कशाला बोलू? ती तोंडावर टॉवेल घेऊन रडली, "तुझ्यामुळे," असे ताईला म्हणाली आणि पंधरा दिवस तिच्याशी बोलली नाही. डॉक्टरांनी सांगितले, लिगामेंट अर्धे फाटले आहे, आणखी एकदा पडली असती तर पुरते गेले असते. दहा आठवडे ती रोज संध्याकाळी माझ्यावर बसली आणि मनातल्या मनात मला शिव्या देत राहिली. मी आनंदाने खाल्ल्या.

सरांनी ती युक्ती सोडून दिली. खेळायचे की बसायचे हे आता ताई ठरवते आणि ती दोन्ही पाय तपासते.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या येणार असे ऐकतो, मग माझी रवानगी अडगळीत. जाईन बापडा. एवढेच मागणे आहे, की कडेला बसायला सांगितले तर त्याला शिक्षा समजू नका, आणि दुखत असेल तर ज्या पायाला दुखते त्याचेच नाव सांगा.

परवा सराव संपला. ताई निघाली, एक जड, एक हलके. तिच्या मागून "ताई, थांब की गं!" म्हणत टिटवी पळत सुटली. मी जमिनीला कान देऊन ऐकले. टिटवीची दोन्ही पावले सारखी पडत होती.