चौथी रेघ

"झाली का आठही टेबलं?" विभागप्रमुख मॅडमनी दार किलकिलं करून विचारलं.

"दार लावा आधी, उजेड येतोय," मी म्हणालो. "तीन झाली."

त्या गेल्या. तीन झाली हे खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. आठ टेबलांवर आठ स्पेक्ट्रोमीटर आणि हायड्रोजनच्या आठ नळ्या. कॉलेजच्या या काळोख्या खोलीत मी बावीस वर्षं मदतनीस आहे. वीज दिली की नळी गुलाबी पेटते. स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीतून पाहिलं की त्या गुलाबीच्या चार सुट्या रेघा दिसतात. तांबडी, मोरपंखी, निळी आणि जांभळी. नळी जुनी झाली की जांभळी आधी जाते. म्हणून आदल्या दिवशी एकेक नळी पाहून वहीत चार खुणा करायच्या आणि खाली सही.

जांभळी मला दोन वर्षं दिसत नाही. मोतीबिंदू; तो जांभळा उजेड आधी अडवतो. कुणाला बोललो नव्हतो. बोललो असतो तर ऑफिसात टपालावर बसवलं असतं, आणि आता घरी कुणी उरलं नसताना ही खोलीही गेली असती.

गेल्या दोन्ही परीक्षांच्या आदल्या दिवशी आमची ही डबा घेऊन यायची आणि माझ्यासाठी बघायची. आधी पाच मिनिटं डोळे मिटून स्टुलावर बसायची, मग दुर्बिणीला डोळा लावून म्हणायची, "आहे हो."

"पण चारच का?" तिनं पहिल्याच वेळी विचारलं होतं.

सर मुलांना सांगतात ते ऐकून मला पाठ होतं. अणूत पायऱ्या असतात. इलेक्ट्रॉन वर चढतो, खाली येताना उजेड टाकतो. तिसरीवरून दुसरीवर आला की तांबडा, चौथीवरून मोरपंखी, पाचवीवरून निळा, सहावीवरून जांभळा. मध्ये पाय टेकायला जागा नाही, म्हणून मधले रंगही नाहीत.

"म्हणजे जांभळीवाला सगळ्यात उंचावरून येतो," ती म्हणाली. "आणि नेमकी तीच तुम्हाला दिसेना! पगार घ्यायचा तुम्ही, रेघा बघायच्या मी."

एकदा सहाव्या टेबलाशी तिनं दुर्बिणीवरचा डोळा काढला. "नाही दिसत," म्हणाली.

"असेल गं. नीट बघ."

"नाही तर नाही. उगाच कशाला हो म्हणू? उद्या एखादी पोर इथं रडत बसेल."

नळी बदलावी लागली होती.

तिला जाऊन चार महिने झाले. आज तीन टेबलांच्या जांभळ्या खुणा मी न बघताच केल्या होत्या. पुस्तकात चौथी असतेच, म्हणून मुलं न दिसलेल्या रेघेचे आकडे लिहितात आणि मी त्यांना झापतो. चौथ्या टेबलाशी मात्र पेन पुढं जाईना. मी आधीच्या तिन्ही खुणा खोडल्या आणि मॅडमना बोलावलं.

"अहो, जांभळीचा रकाना कोराच? नळ्या गेल्या का?"

"नळ्या ठीक असतील. माझा डोळा गेलाय."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

त्यांनी वही मागं चाळली. "मग या खुणा?"

"आमच्या हिच्या. सही माझी."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्या म्हणाल्या, "ऑपरेशन का नाही करून घेतलंत?"

"तीन वेळा तारीख घेतली होती. तिन्ही वेळा तिलाच दवाखान्यात न्यावं लागलं."

"हं." त्यांनी वही मिटली. "सोमवारपासून टपालावर बसा. मला दुसरा मार्ग नाही. डोळा झाला की बघू."

"बरं."

"आज हे मी बघते. वहिनी कशा बघायच्या?"

"आधी पाच मिनिटं डोळे मिटून बसायची. घाई केली तर नाही दिसत. मोबाइल बाहेर ठेवा."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. मी पहिल्या टेबलाची नळी पेटवली, स्टूल पुढं केलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

बाहेर मुलांचा घोळका हसत, ढकलाढकली करत येत होता. त्यांतला एक म्हणाला, "काका, आत जाऊ का? वही राहिलीय."

"थांब जरा," मी म्हणालो. "आत बघतायत."

आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो.